मन्याकाकाचं सोंग

आमच्या घरात मारायची एक ठरलेली पद्धत होती. अण्णा, म्हणजे माझे वडील, चिडले की आरडाओरडा करत नसत. आधी अंगातला काळा कोट काढत, त्याची उभी घडी घालून खुंटीला लावत, शर्टाच्या बाह्या वर दुमडत आणि मग पडवीच्या कोपऱ्यातला झावळीचा दांडा उचलत. मारताना फारसं बोलत नसत. दम लागला की एकच प्रश्न, तोही हलक्या आवाजात, "परत करशील?" समोरच्यानं "न्हाय करणार" म्हटलं की मार थांबे. मग ते पडवीला लागूनच असलेल्या विहिरीजवळच्या दगडी दोणीत कोपरापर्यंत हात धूत आणि स्वयंपाकघराकडे तोंड करून सांगत, "चहा टाक." बहुतेक वेळा मार खाल्लेली बाईच उठून चहा टाकी. ती माझी आई.

नागावच्या पुढे, समुद्रापासून हाकेच्या अंतरावर आमची नारळ-पोफळीची वाडी होती आणि वाडीच्या पोटात घर. आमच्याकडे घरं एकमेकांना चिकटून नसतात, मध्ये वाड्या असतात. एका घरातला आवाज दुसऱ्या घरात जात नाही, आणि गेला तरी नारळ पडला असेल म्हणून सोडून देता येतो. आता तिथे माझा मुलगा होमस्टे चालवतो. त्या दोणीत त्यानं कमळं लावली आहेत. शनिवार-रविवारी मुंबईची मंडळी मांडव्याला उतरून येतात, बायकापोरांना दोणीच्या काठावर बसवून फोटो काढतात. मी खोलीच्या खिडकीतून बघते आणि पडदा ओढून घेते. मुलगा म्हणतो, आई, तुला माणसांचा कंटाळा येतो. येतो खरा, पण त्याचं कारण वेगळं आहे आणि ते आता लिहूनच टाकावं असं मी ठरवलं आहे.

मन्याकाका अण्णांचा धाकटा भाऊ. अण्णांच्या पाठीवर तेरा वर्षांनी झाला, आणि त्याला जन्म देऊन आठवड्याच्या आत त्यांची आई गेली. चेहरा वाटोळा, डोळे वर ओढलेले, कान इवले, बोटं आखूड, मान जाड. जीभ तोंडात मावत नसे म्हणून शब्द अडखळत बाहेर येत. गाव त्याला अर्धवट म्हणे, बायका देवाचं माणूस म्हणत, अण्णा 'आईखाऊ' म्हणत. डाउन सिंड्रोम हा शब्द मी कितीतरी वर्षांनी बी.एड.ला असताना एका पुस्तकात वाचला. शेजारी मुलाचं चित्र होतं. भर वाचनालयात मला रडू फुटलं, कारण तो चेहरा माझ्या घरातला होता आणि पुस्तकात त्याला कुणी मारत नव्हतं.

काकाला दोनच्या पुढे मोजता येत नसे. म्हणून तो नारळ नेहमी दोन-दोन आणी, दोन हातांत दोन, आणि दिवसभर वाडी ते खळं अशा खेपा घाली. त्यामुळे दंडात ताकद अशी आली होती की माजलेला पाडाही त्याच्यापुढे निमूट चाले. त्याचं दुसरं काम कावळे हाकलायचं. खळ्यात सुपारी आणि सुके बोंबील वाळत घातलेले असत, आणि काका मध्ये पाट टाकून बसे. कावळ्यांशी त्याचं जुनं वैर होतं. एखादा लांबच्या फांदीवर बसला तरी हा उठून दोन्ही हात पसरून धावे. पुढे पुढे कावळे आमचं खळं टाळून जाऊ लागले. दुपारी तांदळाची भाकरी, वालाचं बिरडं आणि बुक्कीनं फोडलेला पांढरा कांदा एवढं मिळालं की स्वारी खूश. कांदा मात्र त्याला स्वतः फोडायचा असे. दुसऱ्या कुणी फोडला तर ताट ढकलून देई आणि संध्याकाळपर्यंत फुगून बसे. हट्टी होता, लाडिक होता, आणि मी त्याच्यापेक्षा लहान असून तो मला "ताय" म्हणे.

आणि त्याला नक्कल येत असे. स्वतःचं बोलणं अडखळत, पण दुसऱ्याचं बोलणं त्याच्या तोंडून गुळगुळीत निघे. मासळीची पाटी घेऊन येणारी हिराबाय कोळीण, आमचे मास्तर, देवळातला गुरव, व्यायला आलेली म्हैस, सगळे त्याच्याकडे होते. एकदा पाहिलं की तो ते पहिल्यापासून शेवटपर्यंत, क्रमानं, काहीही न गाळता करून दाखवी. मधूनच सुरू करता येत नसे आणि मधूनच थांबताही येत नसे. थांबवलंच तर पुन्हा पहिल्यापासून.

त्या वर्षी थंडीत आईला सहावा महिना होता. मी शाळेतून आले तर घरात दोन-तीन बायका, चुलीवर पाणी, आणि आई भिंतीकडे तोंड करून निजलेली. विहिरीवर पाय घसरला, असं मला सांगितलं. गावालाही तेच सांगितलं. बाळ माझा भाऊ होता, हे मी पडवीत बसून ऐकलं. काका आईच्या खोलीच्या उंबऱ्याला टेकून बसला होता आणि कुणी उठवलं तरी उठत नव्हता. अण्णा देवळाच्या पंचांपैकी, गावातली भांडणं सोडवणारे. लोक समाचाराला येत आणि त्यांना धीर देऊन जात.

मग शिमगा आला. आमच्याकडे होळीपासून पुढचे पाच दिवस सोंगं निघतात. पुरुष लुगडी नेसतात, कुणी फौजदार होतं, कुणी साधू, कुणी गावातलाच एखादा बडा माणूस. दुपारी देवळापुढच्या अंगणात सगळ्या सोंगांनी येऊन खेळ करायचा. त्या पाच दिवसांत कुणाचीही टवाळी करावी, त्यानं ती हसून घ्यावी. शिमग्याचं मनावर घ्यायचं नाही, हा नियम. दुसऱ्या दिवशी तो विषय काढायचा नाही, हाही त्याच नियमाचा भाग.

आदल्या आठवड्यात शाळेची पाटी फुटली म्हणून मला मार बसला होता. पोटऱ्यांवरचे वळ अजून हिरवे होते. मी अकरा वर्षांची, पण माझ्या अंगात राग मोठ्या माणसाएवढा होता. अण्णांना उलट मारता येत नव्हतं, पण त्यांचं हसं करता येणार होतं, आणि तेही गावासमोर, नियमाच्या आडून. अण्णा त्या दिवशी पांढऱ्या सदऱ्यात आधीच देवळाकडे गेले होते. मी खुंटीवरचा कोट काढला, काकाला घातला, डोक्यावर त्यांची टोपी ठेवली, हातात दांडा दिला. आई परसात होती. काकाला म्हटलं, "काका, अण्णा कर. देवलाफुडं अण्णा कर." तो इतका खूश झाला की वाटभर माझा हात धरून उड्या मारत होता. एवढंच केलं मी. पुढची सगळी वर्षं मी स्वतःला हेच सांगत आले आहे, की एवढंच केलं.

अंगण भरलं होतं. पंच खुर्च्यांवर, पोरं पारावर, बायका कडेला. काका मधोमध आला, घसा खाकरला, पाठीमागे हात बांधून चार पावलं चालला आणि एका पोराच्या हातातली सुपारी घेऊन ती उजेडाला धरून बघितली. हुबेहूब अण्णा. अंगण हसून लोळलं. अण्णाही हसले. बाजूच्या खुर्चीतले म्हातारे तात्या, पंचांतले सगळ्यात वडील, त्यांच्या मांडीवर थाप मारून म्हणाले, "अण्णानू, तुमचा जुला भाऊ हाय काय हा?"

"अजून कर, मन्या," पोरं ओरडली.

काकानं कोट काढला. त्याची उभी घडी घातली आणि हवेत, खुंटी जिथे असायला हवी तिथे, अडकवली. कोट मातीत पडला. बाह्या दुमडल्या. मी हाक मारली, "काका, बस. चल घरा." त्यानं ऐकलं नाही. त्याला मधूनच थांबता येत नसे.

"कुणाला विचारून दिलेस?" तो अण्णांच्या आवाजात म्हणाला. "दोन नारळ. कुणाला विचारून?" आणि दांडा खाली आला. हवेत मारत होता, पण प्रत्येक फटक्याला मातीतून धूळ उडत होती. पाच, सहा, सात. लोक अजून हसत होते. मग त्यानं दांडा टाकला आणि लाथ मारली. एक. दुसरी नीट लागावी म्हणून पाऊल मागे घेऊन दुसरी. मग तो स्वतःच मातीत आडवा झाला, कुशीवर, गुडघे पोटाशी, दोन्ही तळवे पोटाखाली, आणि त्याच्या तोंडून माझ्या आईचा आवाज आला. "पोटात नको ओ. पोटात नको. पोर हाय."

हसणं एकदम थांबलं नाही. कडेकडेनं थांबत आलं. शेवटी पारावरचं एक लहान पोर हसत राहिलं, त्याला त्याच्या आईनं चापट मारली. काका उठला, पुन्हा अण्णा झाला. "परत करशील?" आडवा झाला, आई झाला. "न्हाय करणार." उठला, नसलेल्या दोणीत कोपरापर्यंत हात धुतले आणि देवळाच्या गाभाऱ्याकडे तोंड करून म्हणाला, "चहा टाक."

मग त्यानं माझ्याकडे बघितलं आणि हसला, कारण नक्कल झाली की लोक टाळ्या वाजवतात.

बायकांमधून हिराबाय पुढे आली. पाटी डोक्यावरून उतरवून तिनं खाली ठेवली. "त्ये दोन नारल मना दिल्ते तिनं," ती म्हणाली. "माज्या लेकाला ताप व्हता म्हनून." ती पंचांकडे बघत होती. सगळ्या गावात बोललेलं माणूस तेवढं एकच. पंच अण्णांकडे बघत नव्हते. तात्यांनी उपरणं झटकलं, उठले आणि म्हणाले, "शिमग्याचा सोंग हाय. मनावर घेऊ नका, अण्णानू." कुणीतरी ढोलकी वाजवली. पुढचं सोंग आत आलं. ज्या नियमाच्या आडून मी दगड मारला, त्याच्याच आड सगळं गाव जाऊन लपलं.

अण्णांनी कोट उचलला, माती झटकली, अंगात घातला, दांडा काखेत मारला आणि काकाचा हात धरला. अगदी हळू धरला. घरापर्यंत आम्ही तिघं चालत आलो. पडवीत त्यांनी कोट काढला, घडी घातली, खुंटीला लावला. पहिला फटका हाताचा होता, डाव्या कानावर. काका दोणीवर आदळला आणि त्याच्या कानातून रक्त मानेवर उतरलं. मग दांडा. अण्णा पाठीवर मारत होते, डोक्यावर मारत होते, डोकं झाकलं की बोटांवर मारत होते. बोटं मोडल्याचा आवाज मी ऐकला आहे. आई परसातून धावत आली, काकाच्या अंगावर पडली, तर तिच्यासकट मारलं. मी दाराची कडी धरून उभी होते. दांडा मधोमध मोडला, अण्णांना दम लागला.

"परत करशील?"

काका त्यांच्या तोंडाकडे बघत राहिला. त्याला ऐकू आलं नाही, की काय परत करायचं नाही ते कळलं नाही, मला आजही ठाऊक नाही. अण्णांनी मोडका दांडा पुन्हा उचलला. काकानं तो धरला आणि काढून घेतला. पोराच्या हातातली काठी काढून घ्यावी इतक्या सहज. आणि उभा राहून त्यानं तो अण्णांच्या खांद्यावर उतरवला.

खांद्याचं हाड मोडलं. अण्णा दोणीपाशी बसले. काका मारत राहिला, पाठीवर, डोक्यावर, बोटांवर, त्याच क्रमानं, काहीही न गाळता. मारताना बोलला नाही. दम लागल्यावर हलक्या आवाजात विचारलं, "परत करशील?" अण्णांनी उत्तर दिलं नाही. त्यानं पुन्हा मारलं. "परत करशील?" अण्णांच्या डोळ्यांत रक्त उतरलं होतं, ओठ घट्ट मिटलेले. मरतील पण बोलणार नाहीत असं ते तोंड होतं. आणि खरं सांगते, मला वाटलं, मरू देत.

आई रांगत पुढे आली. "म्हना ओ," ती अण्णांना म्हणाली. "म्हटल्याबिगर तो थांबायचा न्हाय. त्याला येवडाच ठावं हाय." दांडा पुन्हा वर गेला, तेव्हा आईच काकाकडे तोंड करून, हात जोडून म्हणाली, "न्हाय करणार, भावजी. त्ये न्हाय करणार."

काका थांबला. उत्तर मिळालं होतं, कुणी दिलं याच्याशी त्याला कर्तव्य नव्हतं. त्यानं दांडा कोपऱ्यात ठेवला. मोडलेल्या बोटांनी, रडत रडत, दोणीत कोपरापर्यंत हात धुतले. पाणी लाल झालं. मग स्वयंपाकघराकडे तोंड करून म्हणाला, "चहा टाक." आणि आई उठली आणि तिनं चहा टाकला. चार कप.

पोफळीवरून पडलो, असं अण्णांनी गावाला सांगितलं. गावानं तेही मानलं. त्यांचा उजवा हात पुन्हा खांद्याच्या वर गेला नाही. काकाचा डावा कान वर्षभर वाहत होता आणि मग कायमचा बंद झाला. त्या बाजूनं बोलायचं तर ओरडावं लागे. त्यानंतर एक-दोनदा अण्णांनी डावा हात उगारला. काका खळ्यातून उठून दारात येऊन उभा राही. काही करत नसे, नुसता बघत राही, आणि अण्णा कोट पुन्हा अंगात घालून बाहेर निघून जात. आई काकाच्या नजरेच्या टप्प्यातच राहू लागली. भाकऱ्या थापायची तीसुद्धा खळ्यातून दिसेल अशा जागी बसून. आठ वर्षं आमच्या घरात मार नव्हता. सोन्यासारखी वर्षं, असं म्हणवत नाही, पण मी त्या वर्षांत शिकले, अलिबागला राहून कॉलेजात गेले.

इथे एक गोष्ट सांगायची राहते. माझा मुलगा नऊ वर्षांचा असताना त्यानं माझ्या पर्समधून काहीतरी न विचारता घेतलं. मी त्याला फूटपट्टीनं मारलं. दम लागल्यावर थांबले आणि माझ्या तोंडून हलक्या आवाजात निघालं, "परत करशील?" त्यानं "नाही" म्हटलं. मी मोरीत गेले, नळाखाली हात धरले, आणि बाहीसकट कोपरापर्यंत भिजेतो उभी राहिले. नक्कल काय एकट्या काकालाच येत होती? मुलगा ते आठवत नाही म्हणतो. मी कधी खोदून विचारलं नाही.

काका छातीच्या दुखण्यानं गेला, बत्तिसाव्या वर्षी, कांदे काढायच्या दिवसांत. आईनं मला एकदाच, भांडी घासताना, विचारलं, "तू परत कालिजात कदी जाणार?" मी म्हटलं, दहावं झालं की. ती बरं म्हणाली आणि कढई घासत राहिली. त्या 'बरं'चा अर्थ मला कळत होता. मी गेल्यावर त्या घरात ती आणि अण्णा दोघंच उरणार होती, आणि दारात उभं राहणारं कुणी नव्हतं.

आमच्याकडे दहाव्याला बायका जात नाहीत. आई निघाली, म्हणून मीही निघाले. किनाऱ्यावर सुरूच्या झाडांखाली पिंड मांडला. ऊन वर आलं, पण कावळा शिवेना. झाडावर सात-आठ बसले होते, खाली एक येत नव्हता. "हाकलतोय मन्या अजून," तात्या म्हणाले, आणि लोक जरासे हसले. गुरव म्हणाला, काही इच्छा राहिली असेल, बोला. मग एकेकानं बोलायला सुरुवात केली. त्याच्या नावानं गाईला घास घालू. दर अमावास्येला पान ठेवू. बकुळचं, म्हणजे माझं, लग्न चांगल्या घरात करू. पांढरा कांदा न फोडता ठेवलाय, तुझा तू फोड, असं मी म्हटलं. कावळे हलले नाहीत. गुरव दर्भाचा कावळा करायला बसला.

तेव्हा अण्णा पुढे झाले. उजवा हात छातीशी धरलेला, कोट अंगात. ते पिंडापुढे उभे राहिले, समुद्राकडे बघितलं, मान खाली घातली आणि अगदी पुटपुटत म्हणाले, "नाही करणार, मन्या."

कुणाला नीटसं ऐकू गेलं नाही. गुरवानं वर बघितलं. आई माझ्या शेजारून निघाली, पुरुषांच्या मधून वाट काढत अण्णांच्या पाठीशी जाऊन उभी राहिली. पदर डोक्यावर होता, आवाज साधा होता, जेवायला वाढू का विचारावं तसा.

"मोठ्यानं म्हना," ती म्हणाली. "डाव्या कानानं त्याला आयकू येत नव्हता."

अण्णांनी तिच्याकडे वळून बघितलं. मी त्यांच्या हातांकडे बघत होते, दोन्ही हातांकडे. मग त्यांनी पिंडाकडे तोंड केलं आणि ओरडून म्हटलं, "नाही करणार. परत नाही करणार."

पंच तिथेच होते, तात्या होते, लांब होड्यांपाशी जाळं पसरून बसलेली हिराबाय होती. सगळ्या गावानं ऐकलं, आणि त्या दिवशी शिमगा नव्हता.